स्वस्तातले वायरवाले इअरफोन: तीन जोड्या आणि मांडवीत गेलेला एक कान

दिवाडकर · सोमवार, रात्री १०.१५

आधी झालेलं सांगतो. गेल्या महिन्यात दिवाडीहून ओल्ड गोव्याला येणाऱ्या सकाळच्या फेरीबोटीत पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्याने हेल्मेट काढताना कोपर उडवलं आणि माझ्या उजव्या कानातलं ब्लूटूथचं बोंड कठड्यावर आपटून थेट पाण्यात. इंजिनाच्या धडधडीत पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही. शेजारचे काका पाण्याकडे बघत म्हणाले, "गेलें मरे." संपलं.

आठवडाभर एकाच कानाने बातम्या ऐकल्या. नुसतं उजवं बोंड घ्यायला गेलो तर अख्ख्या जोडीच्या निम्म्याहून जास्त पैसे. तेव्हा ठरवलं, आता तारेने बांधलेलेच घ्यायचे. पडले तर गळ्यात लोंबतील, नदीत तरी जाणार नाहीत.

आता स्वस्त म्हणजे किती स्वस्त, हे कळेना. म्हणून तीन घेतले. (बायकोला दोनच माहीत आहेत.)

पहिली जोडी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली. मोबाईलची कव्हरं आणि रिमोटच्या ढिगातून उपसली. सांगितले अडीचशे, दिले दीडशे. पाकिटावर एका मोठ्या कंपनीचं नाव एक अक्षर चुकवून छापलंय, म्हणजे काय माल आहे ते तुम्ही समजलातच.

दुसरी ऑनलाईन मागवली, साडेसहाशेला. चिनी. पारदर्शक काळं प्लास्टिक, आतला पडदा दिसतो. तार कानावरून मागे घ्यायची, स्टेजवर गाणारे घालतात तशी.

तिसरी मूनड्रॉप चू २, दोन हजारांच्या जरा आत. "बजेटमध्ये याच्यासारखं दुसरं नाही" असं जिकडेतिकडे वाचून घेतली. अंगठ्याच्या नखाएवढं धातूचं बोंड, तार सुटी होते, हातात घेतल्यावर पैसे दिल्यासारखं वाटतं.

माझ्या फोनला गोल भोक नाही, म्हणून टाइप-सीचं शेपूट (इअरफोन जोडायची छोटी तार) वेगळं. शंभर रुपयांचं पहिलं शेपूट लावलं तर फोन म्हणतो काहीच जोडलेलं नाही. ते परत दिलं, म्हणजे द्यायला गेलो. दुकानदाराने घेतलं नाही. दुसरं सहाशेचं घेतलं, ते चाललं. म्हणजे इअरफोन दीडशेचा आणि शेपूट सहाशेचं.

काल संध्याकाळी तिन्ही घेऊन बसलो. ऐकायला चार गोष्टी: गावच्या भजनी मंडळाचं मोबाईलवर रेकॉर्ड केलेलं भजन, एक जुनं नाट्यपद, तबल्याचा एकल, आणि बातम्या.

दीडशेवाल्यात सगळे पिंपात तोंड घालून बोलतात. पखवाज घुमतो, पण सगळे बोल सारखेच. साडेसहाशेवाल्यात झांज अशी काही वाजते की दात आंबल्यासारखे होतात. आणि ज्याच्याकडून आशा होती त्या दोन हजारवाल्याने घात केला. स्वच्छ आहे, मान्य. पण पातळ. आमसुलाच्या कढीत आमसूल नुसतं दाखवून काढावं तसं. तबल्याच्या एकलात बायाँ नाहीच! तबलजी डावा हात घरी ठेवून आला होता की काय.

तर प्रश्न असा: मला खराब नग मिळाला, की लोक उगाच डोक्यावर घेतात, की माझे कानच दीडशेच्या लायकीचे आहेत?

कोकमसोल · सोमवार, रात्री १०.२१

मांडवीतलं बोंड आता एखादी कुर्ली ऐकत असेल. चार्जिंग संपेस्तोवर.

खाजें · सोमवार, रात्री १०.३०

आमसुलाच्या कढीचा अपमान केल्याबद्दल निषेध. बाकी वाचतोय.

तार_जुळवा · सोमवार, रात्री ११.०५

दिवाडकर, नग खराब नाही, लोकही खोटं बोलत नाहीत आणि तुमचे कानही ठीक आहेत. रबर चुकलंय. पैजेवर सांगतो.

इअरफोनच्या डब्यात तीन आकारांची रबरं येतात. आपण काय करतो, आधीच चढवलेलं मधलं तसंच कानात कोंबतो. या जातीच्या इअरफोनचा खर्ज सगळा एका गोष्टीवर उभा असतो: कानाची नळी हवाबंद झाली पाहिजे. तो पडदा असतो १० मिलिमीटरचा. घरातल्या स्पीकरचा पडदा वीतभर असतो, त्याला खोलीतली हवा हलवायची असते. या इवल्या पडद्याला फक्त कानाच्या नळीतली चिमूटभर हवा दाबायची असते, म्हणून त्याला जमतं. बाजूला केसभर फट राहिली की तो दाब निसटला. आणि निसटतो तो खालच्या सुरांचाच. वरचे सूर तसेच येतात, म्हणून तुम्हाला "स्वच्छ पण पातळ" ऐकू आलं. सायकलच्या पंपाची नळी वॉल्व्हला नीट बसली नाही तर कितीही दांडा मारा, चाक फुगत नाही, तसं.

तपासायचं कसं ते सांगतो. दोन्ही बोंडं कानात घाला, गाणं लावू नका. तोंड मिटून "हूं" करा. आवाज डोक्याच्या आत, विहिरीत बोलल्यासारखा घुमला तर बसलंय. एका बाजूला घुमला आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर त्या बाजूचं रबर बदला. दोन्ही कानांना एकच आकार लागेल असं काही नाही, माझा उजवा मोठा आहे. आणि घालताना उलट्या हाताने कानाची पाळी वर-मागे ओढा, नळी सरळ होते, मग बोंड जरासं फिरवत आत सरकवा. आत जाताना वाळक्या पानावर पाय पडल्यासारखा चर्र आवाज आला तर घाबरू नका, दाबाने पडदा वाकतो. सावकाश घातलं की येत नाही.

दीडशेवाल्यात खर्ज का आला तेही यातच आहे. त्याचं रबर मऊ आणि जाड असणार, नशिबाने बसलं. शिवाय असे इअरफोन खालचा आवाज मुद्दाम फुगवूनच काढतात, थोडी फट राहिली तरी धम्म ऐकू यावं म्हणून.

उद्या करून बघा आणि इथे लिहा. "लिहीन" म्हणून गायब होऊ नका, या संस्थळावर अशा धाग्यांची स्मशानं आहेत.

आल्तिनो_वरून · सोमवार, रात्री ११.१२

किंवा सरळ नवे ब्लूटूथ घ्या. कुठल्या काळात राहताय?

फोंड्याचा ठेका · मंगळवार, सकाळी ७.४०

आल्तिनोवरून दिसत नसेल, पण खाली अजून लोक रियाज करतात. मी तबला वाजवतो, विद्यार्थ्यांना फोनवरच्या ॲपमध्ये लेहरा (तबल्याच्या साथीला फिरत राहणारी धून) लावून देतो. ब्लूटूथने आवाज उशिरा पोचतो. साध्या ब्लूटूथ इअरफोनला ०.१५ ते ०.२५ सेकंद सहज लागतात. व्हिडिओ बघताना ॲप चित्रच मागे ओढून घेतं, म्हणून आपल्याला कळत नाही. पण द्रुत लयीत, मिनिटाला २४० मात्रा धरल्या, तर एक मात्रा पाव सेकंदाची. म्हणजे पोराने पडद्यावर बोट ठेवून मात्रा चालू केली की कानात समेवर येईपर्यंत ती जवळजवळ एका मात्रेने शिळी झालेली. एक मुलगी दोन आठवडे "सर, ॲप बेताल आहे" म्हणत होती. पिशवीतली तीनशेची तारवाली जोडी दिली, ॲप तालात आलं.

दिवाडकरांच्या बायाँबद्दल: बायाँचा घुमारा साधारण शंभर हर्ट्झच्या अलीकडेपलीकडे असतो. तार_जुळवा म्हणतात ती फट बरोबर तिथेच घाव घालते. पण एक आणखी बघा. घुमारा असणं वेगळं आणि मिंड ऐकू येणं वेगळं. डाव्या मनगटाने दाब दिला की "घे" वर चढतो ना, ते चढणं ऐकू आलं पाहिजे. दीडशेवाल्यात घुमतं ते सगळं एकाच उंचीवर घुमतं. तुम्हीच लिहिलंय, "सगळे बोल सारखेच." कान बरे आहेत तुमचे.

दिवाडकर · मंगळवार, रात्री ९.५०

गायब झालो नाही.

आज कामावरून येताना फेरीतच केलं. (कठड्यापासून लांब उभं राहून. आणि तार शर्टाच्या आतून.) "हूं" केलं तर डावीकडे विहीर, उजवीकडे मोकळं मैदान. शेजारच्या बाई जरा सरकून बसल्या, ते असो. घरी येऊन उजवीकडे सगळ्यात मोठं रबर चढवलं. चढवायला पाच मिनिटं. ते रबर नळीवर बसताना दोनदा हातातून उडालं, एकदा सोफ्याखाली गेलं, तिथे गेल्या चतुर्थीची एक माटोळीची सुपारी पण सापडली. पाळी ओढून, फिरवून घातलं.

आणि मग तो एकल लावला.

पहिल्या "धा"लाच मान उचलून मागे बघितलं. खरंच. खोलीत कोणी आलं असं वाटलं. बायाँ नुसता आला नाही, त्याचं चामडं आलं, मनगट घासल्याची सर्रसर्र आली. फोंड्याचा ठेका, ती मिंड ऐकू आली. तेच इअरफोन, तोच फोन, तेच रेकॉर्डिंग. फरक रबराचा, ज्याची किंमत पाच-दहा रुपये असेल.

मग उत्साहात साडेसहाशेवाल्याचीही रबरं बदलली. झांज थोडी शहाणी झाली, पण पूर्ण नाही. जुन्या नाट्यपदात मात्र अजून कढईत तेल तापल्यासारखी चरचर आहे. दोन हजारवाल्यात ती कमी आहे. हे पण रबर का?

तार_जुळवा · मंगळवार, रात्री १०.०२

पैज जिंकलो. काणकोणच्या मिरच्या पाठवा.

काणकोणकर · मंगळवार, रात्री १०.०४

मिरच्या आमच्या, पैज तुमची. हे कसलं गणित?

जुनी तबकडी · मंगळवार, रात्री ११.३०

चरचरीबद्दल मी लिहितो, कारण आयुष्याची वीस वर्षं ती ऐकण्यात गेली आहेत.

तुमचं नाट्यपद ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरून उतरवलेलं असणार. त्या तबकड्यांवर पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर गाणं जवळजवळ नसतंच. १९२५ नंतर मायक्रोफोनने रेकॉर्डिंग व्हायला लागलं तेव्हा बरंच सुधारलं, त्याआधी तर गायकाने कर्ण्यात तोंड घालून गायचं. म्हणजे वरच्या पट्टीत जे ऐकू येतं ते लाखेवर पिन घासल्याचा आवाज, दुसरं काही नाही. आता स्वस्त चिनी इअरफोनांतले पुष्कळसे आठ हजार हर्ट्झच्या आसपास आवाज चढवून ठेवतात, नवं सिनेसंगीत चकचकीत वाटावं म्हणून. तबकडी त्यावर लावली की इअरफोन गाणं सोडून घासणंच ऐकवतो. त्याचा दोष नाही, त्याला सांगितलंय तेवढं तो करतो.

उपाय फुकट आहे. फोनच्या सेटिंगमध्ये इक्वलायझर असतो, त्यात उजवीकडची शेवटची दोन बटणं अर्ध्यापर्यंत खाली ओढा. फक्त जुन्या रेकॉर्डिंगसाठी. नव्यासाठी परत वर. मी असं ऐकतो तेव्हा तंबोऱ्याची जवारी अचानक पुढे येते, कारण तिच्यावरची खरखर बाजूला होते.

आता अवांतर, पण गोव्याच्या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. फोंडा तालुक्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या तबकडीत आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबर १९७७ ला, बाई गेल्या त्याच महिन्यात, १६ तारखेला. नासाने तबकडीबरोबर वाजवायची पिनही पाठवली आणि किती वेगाने फिरवायची त्याची चित्रंही कोरली. इअरफोन मात्र दिले नाहीत. ज्या कोणाला ती सापडेल त्यांच्या कानांना कुठल्या आकाराचं रबर लागेल कोण जाणे.

कोकमसोल · मंगळवार, रात्री ११.३४

वाचनखूण साठवली. शेवटच्या वाक्यासाठी.

आल्तिनो_वरून · बुधवार, सकाळी ९.१०

म्हणजे तुम्हा लोकांचं म्हणणं, दोन हजारवाला आणि वीस हजारवाला सारखाच? मग वीस हजारवाले घेणारे सगळे मूर्ख? माझ्याकडे वीस हजारचे आहेत म्हणून विचारतोय.

तार_जुळवा · बुधवार, दुपारी १.२०

मूर्ख कोणी म्हटलं नाही, तुम्ही स्वतःच टोपी उचलून घातलीत. हलके घ्या.

२०१७ साली अमेरिकेतल्या ध्वनिशास्त्राच्या नियतकालिकात एक छोटा अभ्यास आला होता. २८३ हेडफोन मोजले. कुठला सूर किती जोरात येतो त्याचा आलेख आणि दुकानातली किंमत, यांत काही नातं सापडतं का ते बघितलं. सापडलं नाही. महागड्यांत वेडेवाकडे आलेख होते, स्वस्तांत सरळ होते.

पण याचा अर्थ पैसे फुकट जातात असा नाही. ते दुसरीकडे जातात: तार मऊ असते, बोंड कानात टोचत नाही, आतली जोडणी दोन्ही बाजूंना सारखी असते, तुटलं तर भाग मिळतो. स्वस्तात हे नशिबावर. दोन नग घेतले तर दोन चुलतभाऊ निघतील, जुळे नव्हे. ज्याने अजून खरेदी केलीच नसेल त्याला माझं उत्तर सरळ आहे: शंभर-दोनशेच्या ढिगात हात घालू नका, दोन हजारांच्या वर पहिल्यांदा जाऊ नका. मधल्या पट्ट्यात मूनड्रॉप, ७एचझेड, केझेड, तांगझू असे चिनी पुष्कळ पडलेत. सुट्या तारेचा मिळाला तर तोच घ्या. इअरफोन मरतो तो शंभरातले नव्वद वेळा तारेने मरतो, पिनच्या गळ्याशी.

पणजीचा_पाव · बुधवार, दुपारी १.४५

"शंभरातले नव्वद" कुठून आणलेत? २८३ वाल्या अभ्यासातून?

तार_जुळवा · बुधवार, दुपारी १.५१

माझ्या ड्रॉवरमधून. मोजून अकरा मेलेत, दहा तारेने. अकरावा कुत्र्याने.

बर्न_इन_भक्त · बुधवार, दुपारी ३.००

कोणीच सांगितलं नाही म्हणून सांगतो. नवीन इअरफोन आधी शंभर तास गाणी लावून बाजूला ठेवा. पडदा मोकळा होतो. माझे पहिल्या दिवशी अगदी कर्कश होते, दोन आठवड्यांनी मध.

फोंड्याचा ठेका · बुधवार, सायं. ६.१५

दोन आठवड्यांत मोकळा झाला तो पडदा नव्हे, तुमचा कान. नवी पुडी लावल्यावर तबला दोन दिवस परका वाटतो, मग आपलाच वाटायला लागतो, तसं. पण शंभर तास लावून ठेवायला पैसे पडत नाहीत, ठेवा.

वास्कोची बाय · बुधवार, रात्री ८.३०

तुम्ही सगळे आवाजावर बोलताय. गोव्यात इअरफोन आवाजाने मरत नाही, दमटपणाने मरतो.

माझ्या एका जोडीची तार पारदर्शक होती. घेतली फेब्रुवारीत, आतली तांब्याची तार छान गुलाबी सोनेरी दिसायची. सप्टेंबरमध्ये हिरवी! कानामागचा भाग आधी, कारण घाम तिथे. मग हळूहळू खाली. आजीच्या तांब्याच्या घागरीला चिंच न लावता ठेवलं तर जे चढतं तेच हे. आवाजात मला फरक कळला नाही, पण कडक झाली आणि एके दिवशी पिनजवळ वाकवली तर डावा गेला. तेव्हापासून पारदर्शक तार घेतच नाही. काळी घ्यायची, आत काय होतंय ते दिसत नाही, मनाला त्रास नाही.

पावसाळ्यात मी इअरफोन स्टीलच्या छोट्या डब्यात ठेवते, औषधाच्या आणि चपलांच्या खोक्यातून येतात त्या सिलिकाच्या पुड्या घालून. पिनचा पिवळा मुलामा काळपट पडला तर कापसाला सर्जिकल स्पिरिट लावून पुसते. तार बोटांभोवती घट्ट गुंडाळू नका, मोठी सैल गुंडाळी करा, सुतळीसारखी.

आणि हो, एका बाजूचा आवाज हळू झाला की सगळे म्हणतात "खराब झाला". आधी रबर काढून नळीच्या तोंडाची जाळी उजेडात धरा. नव्वद टक्के वेळा (हो, मी पण ड्रॉवरमधूनच आणते) तिथे मळ बसलेला असतो. बोंड तोंड खाली करून धरायचं आणि कोरड्या मऊ ब्रशने हळू. सुई घालायची नाही. माझ्या भावाने सुई घातली. जाळी आत गेली आणि भाऊ दुकानात.

काणकोणकर · बुधवार, रात्री ९.४०

बायचं वाचलं म्हणून लिहितो, मी कान तपासणाऱ्यांच्या खात्यात काम करतो (काणकोणकराने कानाचं काम करावं हा योगायोग, विनोद करून झाले आहेत सगळ्यांचे).

जून ते सप्टेंबर आमच्याकडे कानात बुरशी झालेले पेशंट वाढतात. दमट हवा, ओला कान, त्यावर रबराचं बूच तासन्‌तास. आंघोळीनंतर लगेच इअरफोन घालू नका, आधी कान वाळू द्या. रबरं आठवड्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, पूर्ण वाळवूनच चढवा. दुसऱ्याला द्यायची वेळ आली तर रबर बदलून द्या. खाज सुटली तर कापसाची काडी घालू नका, दाखवायला या.

दुसरं, फेरी आणि बस. तिथे बाहेर इतका गोंगाट असतो की माणूस नकळत आवाज चढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा: मोठ्या माणसाने आठवड्याला ८० डेसिबल ४० तास, त्याहून जास्त नाही. आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. दोन खुणा वर केल्या आणि आठवड्याचा कोटा दोन दिवसांत संपला. म्हणून ते रबर नीट बसणं बायाँसाठी जितकं महत्त्वाचं तितकंच कानासाठी. बाहेरचं इंजिन आत येत नाही, मग आवाज कमी ठेवूनही ऐकू येतं. दिवाडकर, फेरीत चढण्याआधी धक्क्यावर, शांततेत आवाज लावा आणि मग फेरीत चढल्यावर बटणाला हात लावू नका. करून बघा, पहिले दोन दिवस हात शिवशिवतो.

खाजें · बुधवार, रात्री १०.१०

बाहेरचं आत येत नाही हे खरं, पण त्याचा तोटा सांगतो. रविवारी सकाळी अंगणात बसून चांगलं रबर बसवून भजन ऐकत होतो. पोदेर (पाववाला) आला, हॉर्न वाजवून गेला. नुस्तेंकार (मासेवाला) आला, ओरडून गेला. मला काही पत्ता नाही, मी समाधीत. बायको बाहेर आली ती हात कमरेवर. उंडे नाहीत, बांगडे नाहीत. त्या दिवशी आदल्या रात्रीचा भात आणि लोणचं, आणि बोलणं इअरफोनमधून पण ऐकू येईल असं.

पणजीचा_पाव · बुधवार, रात्री १०.१४

पोदेर चुकवून भजन? पाप आहे. नाव वाचा माझं.

दिवाडकर · गुरुवार, रात्री ९.२०

शेपटाबद्दल कोणीच बोललं नाही. माझे शंभर रुपये का बुडाले?

तार_जुळवा · गुरुवार, रात्री ९.४५

राहिलंच. शेपटं दोन जातींची. काही फोन आवाज तयार करून टाइप-सीच्या भोकातून बाहेर सोडतात, त्यांना नुसत्या तारा जोडलेलं मुकं शेपूट पुरतं. बहुतेक नवे फोन फक्त आकडे बाहेर सोडतात. त्या आकड्यांचा आवाज करायला शेपटाच्या आतच चिप लागते. तुमचं शंभरवालं मुकं, सहाशेवालं चिपवालं. पाकिटावर डॅक (म्हणजे तीच चिप) लिहिलंय का ते बघायचं. ॲपलचं टाइप-सी शेपूट या कामाला प्रसिद्ध आहे, लहान आणि स्वच्छ आवाजाचं, पण काही अँड्रॉइड फोनांवर त्याचा आवाज पुरता चढत नाही, म्हणून घेण्याआधी आपल्या फोनवर लावून बघा.

गंमत म्हणजे ते ३.५ मिलिमीटरचं भोक जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या जाड पिनेचं नातवंड आहे. २०१६ मध्ये आयफोन ७ ने ते काढलं तेव्हा बाकीच्यांनी चेष्टा केली आणि मग एकेकाने गुपचूप काढलं. ऑपरेटर बाई फोन जोडायची ती पिन आजही भजनाला चालते आणि आपल्याला तिच्यासाठी सहाशेचं शेपूट घ्यावं लागतं.

आणि मुकं शेपूट टाकू नका. एखाद्या जुन्या फोनला चालेल.

फोंड्याचा ठेका · गुरुवार, रात्री १०.००

दिवाडकर, तीन जोड्या झाल्या. चू २ तुम्ही वापरणार, साडेसहाशेची मला द्या, मुलीला देतो (नवी रबरं मी घालतो, काणकोणकर ओरडायला नकोत). दीडशेचीचं काय करणार?

दिवाडकर · शनिवार, दुपारी १२.३०

तीच सांगायला आलो.

आजीकडे बटणांचा फोन आहे, त्याला गोल भोक आहे. त्यात एफएम आहे, पण तार लावल्याशिवाय चालू होत नाही, कारण इअरफोनची तारच अँटेना. आजीला हे माहीत नव्हतं, मलाही नव्हतं, दोन वर्षं तो रेडिओ नुसता मेनूत पडून होता. आज सकाळी दीडशेवाली लावून दिली. रबरं सगळ्यात लहान. आकाशवाणी पणजी लागलं. तार सरळ लोंबली तर स्वच्छ, आजीने ती पदरात गुंडाळली की खरखर. दोनदा सांगितल्यावर तिने तार खिडकीच्या गजाला अडकवली आणि शेजारी खुर्ची ओढून बसली.

पिंपातला आवाज तिला आवडला. म्हणाली, "हांव म्हणलें हो रेडिओ मेला." बातम्या ऐकल्या, मग एक कोंकणी गाणं ऐकलं, मग मला हात करून थांबवलं, कारण मी मध्येच मूनड्रॉपचं कौतुक सांगत होतो.

उजवं बोंड मात्र तिने घातलंच नाही. मी म्हटलं, आजी, दोन्ही घाल, तरच नीट ऐकू येतं. तर म्हणे, ते पोदेरासाठी.

खाजें · शनिवार, दुपारी १२.४१

आजीला माझा दंडवत. हे माझ्या घरी वाचून दाखवतो आज.

वास्कोची बाय · शनिवार, दुपारी १.०५

खिडकीच्या गजाला अडकवलीये तर पावसाची सर आली की आत ओढायला सांगा. आणि ती सगळ्यात लहान रबरं वेगळी कुठे मिळतात? माझ्या डब्यातली हरवलीत. म्हापशात असतील तर पुढच्या शुक्रवारी जाणारच आहे.

दिवाडकर · शनिवार, दुपारी १.२०

म्हापशात मी तरी बघितली नाहीत. माझ्याकडे चू २ ची लहान जोडी तशीच पडलीये, मला लागत नाही. पणजीला येणं झालं की कळवा, बसस्टँडवर आणून देतो.